तबेल्याच्या दुधातलं अँटिबायोटिक सोन्याच्या कणांनी घरी ओळखता येईल का? लॅबवाल्याचं जरा लांबलेलं उत्तर

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत, ते आधी वेगळे करूया. पहिला म्हणजे घोडबंदर रोडला तुमच्या सोसायटीत तबेल्याच्या सुट्ट्या दुधाचा रतीब आहे, त्यात अँटिबायोटिक असतं का ते सोन्याच्या नॅनोपार्टिकलवाल्या लाल पाण्याने घरच्या घरी बघता येईल का, कारण तसा एक व्हिडिओ तुम्ही पाहिलाय ज्यात थेंब टाकल्यावर लाल पाणी फटकन निळं होतं. आणि दुसरा म्हणजे लेक टीवायबीएस्सीला आहे, तिला हाच विषय कनामायसिन हे अँटिबायोटिक घेऊन प्रोजेक्टला करायचाय, तर करावा का. मी महापे साइडला फूड टेस्टिंग लॅबमध्ये रेसिड्यूच्या, म्हणजे अन्नात उरलेली औषधं शोधायच्या कामात बरीच वर्षं आहे, दूध, कोळंबी, मध, अंडी सगळं हाताखालून जातं, त्यामुळे दोन्हीवर बोलू शकतो.

थोडक्यात हवं असेल तर, घरी लाल पाण्याने नाही, बाजारातल्या टेस्ट स्ट्रिपने बऱ्यापैकी हो, आणि प्रोजेक्ट जरूर करू दे पण व्हिडिओत दाखवलाय तसा नको. रंग बदलणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, तो कशामुळे बदलला हे दाखवणं अवघड. ज्यांना कारण वाचायचंय त्यांनी पुढे वाचा.

आधी तो रंग येतो कुठून. सोनं पिवळं असतं ते दागिन्यात, तेच १३ नॅनोमीटरच्या आसपासचे कण करून पाण्यात सोडलं की वाइनसारखं लाल दिसतं, कारण एवढ्या बारीक कणावरचे इलेक्ट्रॉन ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला एकदम झुलतात आणि तो शोषून घेतात, उरतो लाल. फॅरेडेने १८५७ मध्येच हे लाल सोनं करून त्याच्यावर लिहिलं होतं, म्हणजे नॅनो हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी. आता हेच कण एकमेकांच्या अगदी जवळ आले, गुठळ्या झाल्या, की त्यांचं शोषण ६००-७०० कडे सरकतं आणि पाणी जांभळं, मग निळं दिसायला लागतं. कण लांब असले तर लाल आणि चिकटले तर निळे, सगळी टेस्ट या एका गोष्टीवर उभी आहे. आणि हा रंग इतका गडद असतो की नॅनोमोलरमध्ये, म्हणजे लिटरमागे मोलच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात कण असले तरी डोळ्याला नीट दिसतो, नेहमीच्या डायला ते जमत नाही, म्हणून तर संशोधक लोक याच्या प्रेमात पडले.

करायचं कसं तेही सांगतो कारण लेकीला लागणारच आहे. क्लोरोऑरिक अॅसिडचं ०.०१ टक्क्याचं द्रावण खळखळ उकळत ठेवायचं, ढवळणी चालू, आणि त्यात १ टक्का सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं, थेंब थेंब नाही. आधी फिकट पिवळं असतं ते पाण्यासारखं रंगहीन होतं, मग राखाडी-काळसर, तेव्हा नवीन पोरांना वाटतं बिघडलं, फेकून देतात, तर थांबायचं, त्यातूनच जांभळी झाक येते आणि मग वाइनसारखा लाल उतरतो, काही मिनिटांचा खेळ आहे. १९५१ ची टर्केविचची पद्धत आणि १९७३ ची फ्रेन्सची, अजून सगळं जग तेच करतं. काचेची भांडी अॅक्वा रेजियाने धुतलेली पाहिजेत, म्हणजे ३ भाग हायड्रोक्लोरिक आणि १ भाग नायट्रिक, आणि ते काम फ्यूम हूडमध्ये सरांच्या समोरच करायचं, एकटीने नाही. फ्लास्कला आधीच्या बॅचचा जांभळा डाग राहिला असेल तर नवीन बॅच तिथेच बसायला सुरुवात करते. सोन्याचं नाव ऐकून खर्चाला घाबरू नका, १ ग्रॅम क्लोरोऑरिक अॅसिडपासून १० लिटर सोल, म्हणजे हे कणांचं लाल पाणी, होतं, कॉलेजच्या प्रोजेक्टला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. झालेलं सोल फ्रिजमध्ये चालतं पण फ्रीझरमध्ये अजिबात नाही, गोठलं की कण चिकटतात आणि वितळल्यावर परत लाल होत नाहीत.

कण एकमेकांना चिकटत का नाहीत, तर त्यांच्यावर सायट्रेटचा ऋण भार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. हा भार घालवला की निळं. कशाकशाने जातो? मिठाने जातो, अॅसिडने जातो, धन भार असलेल्या रेणूने जातो. आता कनामायसिन, जेंटामायसिन, निओमायसिन ही मंडळी, ज्यांना अमिनोग्लायकोसाइड म्हणतात, यांच्या अंगावर अमाइन गट भरपूर, एकट्या कनामायसिनला ४, आणि पाण्यात ते धन भाराचे होतात, त्यामुळे लाल सोलमध्ये कनामायसिनचं द्रावण टाकलं की बघता बघता निळं होतं. तुमच्या व्हिडिओत बहुतेक हेच केलंय. डिस्टिल्ड वॉटरमधलं औषध, भरपूर डोस, अँगल मस्त. पण दूध कुठाय त्यात?

दुधाचा एक थेंब त्याच लाल पाण्यात टाकून बघायला सांगा लेकीला. रंग फारसा बदलणार नाही, आणि त्यानंतर कनामायसिन टाकलं तरी बदलणार नाही, मीठ टाकलं तरी नाही. कारण दुधातलं केसीन आणि बाकीची प्रोटीन सोन्याच्या कणावर गोधडी पांघरल्यासारखी बसतात आणि मग बाहेर काहीही येवो, कण एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणजे घरी कोणी हे लाल पाणी दुधात घालून बघितलं आणि लालच राहिलं तर तो म्हणेल वा, दूध शुद्ध आहे, आणि दुधात वाट्टेल तेवढं औषध असलं तरी ते लालच राहिलं असतं. टेस्ट चुकून घाबरवते ते एक वेळ परवडतं, पण टेस्ट चुकून निर्धास्त करते ते वाईट.

मग प्रोटीन काढून टाका म्हणाल. काढतात ना, ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड घालायचं, दूध फाटतं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी घ्यायचं. पण ते पाणी आता कडक आंबट आहे आणि आंबट पाण्याने सोल आपोआप निळं होतं, औषध असो नसो. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल करायचं, तर त्यात मीठ तयार होतं, आणि मिठानेही सोल निळं होतं. शिवाय दुधाचं स्वतःचं कॅल्शियम, ते तर दोन भारांचं, आणखी जोरात चिकटवतं. मग उरतो एकच उपाय, डायल्यूट करा, दहा पट, वीस पट, आणि इथे खरी गोम आहे.

जरा हिशोब करूया, कारण हा हिशोब फार कमी लोक करतात. युरोपात दुधात कनामायसिनची मर्यादा १५० मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. कनामायसिनचा रेणूभार ४८४ च्या आसपास, म्हणजे बरोबर मर्यादेइतकं औषध असलेलं दूध साधारण ३०० नॅनोमोलर. ते २० पट पातळ केलं की १५ नॅनोमोलर. आणि वर सांगितलेल्या पद्धतीच्या सोलमध्ये सोन्याचे कण असतात साधारण साडेतीन ते चार नॅनोमोलर. समान भाग मिसळले तर एका कणाच्या वाट्याला कनामायसिनचे रेणू येतात जेमतेम चार. १३ नॅनोमीटरचा कण, त्याच्यावर सायट्रेटचा एवढा भार, आणि त्याला नमवायला चार रेणू! डोळ्याला दिसेल असा निळा त्यातून यावा ही अपेक्षाच जास्त आहे. आणि कनामायसिन तर त्यातल्या त्यात सोपं गिऱ्हाईक. पेनिसिलिन जी, ज्याची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे, ते तर दूध पातळ न करताच १२ नॅनोमोलर, वर त्याला ते अमाइनचं लेणं पण नाही, सोन्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

आता तुमच्या लेकीचे सर म्हणतील अॅप्टामर वापरा. बरोबर आहे, पेपरमध्ये सगळे तेच वापरतात. अॅप्टामर म्हणजे डीएनएचा छोटा एकेरी तुकडा जो एका ठरावीक रेणूला पकडतो, ही निवडायची पद्धत १९९० पासून आहे. युक्ती अशी की हा तुकडा सोन्याच्या कणावर लोळत पडतो आणि मिठापासून त्याला वाचवतो. दुधात कनामायसिन असेल तर तुकडा सोनं सोडून कनामायसिनला जाऊन बिलगतो, कण उघडा पडतो, मग मीठ घातलं की निळं. औषध नसेल तर तुकडा कणावरच, मीठ घातलं तरी लाल. ऐकायला झकास आहे.

पण वर काय सांगितलं ते आठवा, कनामायसिन स्वतःच सोन्यावर जाऊन बसतं आणि स्वतःच चिकटवतं. म्हणजे निळा रंग आला तर तो अॅप्टामरने औषध ओळखलं म्हणून आला की औषधाने सोन्याला थेट हात घातला म्हणून आला, हे नुसत्या रंगावरून कळायला मार्ग नाही. दोन्हीकडे निळाच. आणि दुसऱ्या प्रकाराने आला असेल तर जेंटामायसिन टाकलं तरी येईल, मेलामाइन हे भेसळीचं रसायन टाकलं तरी येईल, सिस्टीन हे अमिनो अॅसिड टाकलं तरी येईल, मग ती कनामायसिनची टेस्ट कसली. याला उतारा साधा आहे पण बऱ्याच प्रोजेक्टात नसतो. तेवढ्याच लांबीचा, तीच अक्षरं पण क्रम विस्कटलेला डीएनएचा तुकडा मागवायचा आणि सगळा प्रयोग त्याच्यावर परत करायचा. विस्कटलेल्या तुकड्यावरही कनामायसिनने निळं झालं तर अॅप्टामरचं काम शून्य, झालं गेलं सगळं सोन्याचं. विस्कटलेल्यावर लाल राहिलं आणि खऱ्यावर निळं झालं तर बोला. माझ्याकडे इंटर्नशिपला पोरं येतात त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की विस्कटलेला केला का, आणि बहुतेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कनामायसिनच का घेतात सगळे, हाही प्रश्न आहे. तबेल्यात ते खूप वापरतात म्हणून नाही. त्याचा अॅप्टामर तयार मिळतो आणि रंग पटकन येतो म्हणून. इकडच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत जास्त करून दिसतं ते ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायाक्झोन, जेंटामायसिन. म्हणून लेकीला मी सुचवेन की ऑक्सिटेट्रासायक्लिन घे. त्याची मर्यादा कोडेक्सप्रमाणे, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे, दुधात १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे म्हणजे अगदीच अशक्य कोटीतली नाही, अॅप्टामर आहे, आणि ते स्वतः लख्ख पिवळं असून अल्ट्राव्हायोलेटखाली चमकतं त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने पडताळून बघायची सोय कॉलेजच्या लॅबमध्येच होते. फक्त ते कॅल्शियमला घट्ट धरून बसतं, दुधात तर कॅल्शियमच कॅल्शियम, म्हणून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन, असलेला बफर लागेल, आणि त्या बफरमुळे मिठाचं गणित परत मांडावं लागेल.

आता तबेल्याकडे वळतो, कारण तुम्हाला खरी काळजी त्याची आहे. औषध दुधात येतं ते बहुतेक वेळा दगडीमुळे, म्हणजे कासदाह. म्हशीची कास सुजते, दुधात गुठळ्या यायला लागतात, मग डॉक्टर इंजेक्शन देतो किंवा सडातून ट्यूब सोडतो. यात गैर काहीच नाही, आजारी जनावराला औषध द्यायलाच पाहिजे. घोळ होतो तो पुढे. औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की शेवटच्या डोसनंतर इतके तास किंवा इतके दिवस दूध विकायचं नाही, त्याला विथड्रॉवल पिरियड म्हणतात, आणि तेवढे दिवस एका म्हशीचं दूध ओतून द्यायचं म्हणजे रोजचे आठ-दहा लिटर गटारात. चाऱ्याचा भाव बघता तबेलेवाल्याचा हात कचरतो, ते दूध बाकीच्या कॅनमध्ये मिसळून टाकलं की कोणाला कळतंय. मोठ्या डेअरीला टँकर आत घेण्याआधी तपासून घेतात, तुमच्या सोसायटीच्या गेटवर कॅन कोण तपासणार.

आणि हो, पान्हा सोडायला जे इंजेक्शन देतात ते ऑक्सिटोसिन, ते हार्मोन आहे, अँटिबायोटिक नाही, या टेस्टमध्ये ते दिसायचा प्रश्नच नाही. लोक दोन्हींना नुसतं इंजेक्शन म्हणतात आणि मग वादात गोंधळ होतो.

चित्र किती वाईट आहे? एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभर दुधाचा मोठा सर्व्हे केला, ६,४३२ नमुने घेतले, त्यात अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघाले ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्के. त्याच सर्व्हेत अॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष ३६८ नमुन्यांत जास्त निघालं, पण त्याच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर कोणी काही पाठवत नाही. तेव्हा रोज सकाळी घाबरून दूध प्यावं अशी परिस्थिती नाही, पण एकाच तबेल्याचं दूध रोज घेणाऱ्याला देशाच्या सरासरीचा उपयोग नाही, त्याच्या म्हशीला काल काय दिलं यावर सगळं आहे.

घरगुती खूण म्हणाल तर विरजण. रोज दही छान लागतं आणि अचानक एक दिवस त्याच विरजणाने, त्याच उकाड्यात दूध तसंच पातळ राहिलं तर शंका घ्यायला जागा आहे, कारण विरजणातले जीवाणू अँटिबायोटिकला फार नाजूक असतात. फक्त दुधात सोडा घातला असेल तरी दही लागत नाही आणि डिसेंबरात ठाण्यात जी काय थोडी थंडी पडते तेव्हाही लागत नाही, म्हणून ही खूण, पुरावा नाही. गंमत म्हणजे लॅबमधली जुनी भरवशाची टेस्ट याच तत्त्वावर चालते, डेल्व्होटेस्टसारखी, ज्यात उष्णता सहन करणारे जीवाणू जांभळ्या अगारमध्ये भरलेले असतात, दूध घालून ६४ अंशाला अडीच-तीन तास ठेवायचं, जीवाणू वाढले तर अॅसिडने पिवळं होतं म्हणजे दूध चांगलं, औषधाने मेले तर जांभळंच राहतं. यात रंग जिवंत जीवाणू बदलतात त्यामुळे कुठलंही मारणारं औषध असो थोडंफार कळतं, पण पेनिसिलिनच्या घराण्याला जितकी ही टेस्ट तिखट आहे तितकी सगळ्यांना नाही.

घरी करायचं असेल तर कोलॉइडल गोल्डची स्ट्रिप. यातही सोन्याचेच कण आहेत, जरा मोठे, पण इथे कण चिकटून रंग बदलत नाहीत, कण लालच राहतात आणि फक्त रेघ रंगवतात. कणांवर आधीच अँटिबॉडी किंवा पेनिसिलिनला पकडणारं प्रोटीन बसवलेलं असतं आणि वरून सगळं झाकलेलं असतं, त्यामुळे दुधातल्या केसीनला बसायला जागाच नाही. व्हिडिओतलं लाल पाणी आणि ही स्ट्रिप यातला फरक तो एवढाच आणि तोच सगळा आहे, आणि म्हणूनच स्ट्रिप दुधात चालते आणि डेअऱ्या ती वापरतात. छोट्या वाटीत ठरावीक थेंब दूध, किटात सांगितलंय तेवढी मिनिटं ठेवायचं, मग स्ट्रिप बुडवायची.

वाचताना मात्र नव्वद टक्के लोक उलटं वाचतात. करोनाच्या किटची सवय लागलीये सगळ्यांना, दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. इथे तसं नाही. इथे औषध असलं तर ते कणांवरची जागा आधीच अडवतं, मग कण टेस्ट रेघेला चिकटत नाहीत, म्हणजे टेस्टची रेघ फिकी किंवा गायब तर पॉझिटिव्ह, आणि रेघ कंट्रोलइतकी किंवा जास्त गडद तर निगेटिव्ह. कंट्रोलची रेघच नाही आली तर टेस्ट बाद, फेकून नवीन घ्यायची. मधलं काहीतरी, किंचित फिकं वाटतंय का नाही असं, तर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली लाल रेघा फसवतात, आणि वेळ संपल्यावर अर्ध्या तासाने परत काढून बघू नका, वाळल्यावर रेघा बदलतात. दूध कच्चं आणि ताजं घ्या, फ्रिजमधलं असेल तर किटात दिलेल्या तापमानाला आणा, आंबायला लागलेलं किंवा गुठळ्या आलेलं चालत नाही, नुकत्याच व्यालेल्या जनावराचं चीकाचं दूध तर अजिबात नाही.

आणि स्ट्रिप कशाची आहे ते पाकिटावर बघा. बाजारात सहज मिळते ती बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनचं घराणं, आणि टेट्रासायक्लिनची जोडी. म्हणजे म्हशीला जेंटामायसिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन दिलं असेल तर ही स्ट्रिप हसतमुखाने निगेटिव्ह दाखवेल. निगेटिव्हचा अर्थ या दोन घराण्यांचं नाही, एवढाच. पॉझिटिव्ह आली तरी लगेच तबेल्यावर मोर्चा नको, दुसऱ्या दिवशी परत करा, कारण स्क्रीनिंग टेस्ट मुद्दाम जरा संशयी बनवलेल्या असतात, खोटा संशय चालतो, खरं सुटलेलं चालत नाही, युरोपच्या नियमात तर सुटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही असंच लिहिलंय. पक्कं उत्तर एलसी-एमएस-एमएसवर मिळतं, तिथे रेणूचं वजन आणि त्याचे तुकडे दोन्ही जुळवून बघतात. ते सोसायटीने वर्गणी काढून एखादा नमुना पाठवला तर परवडतं, घराघराचं नाही. शिवाय अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः फी भरून फूड अॅनालिस्टकडून तपासून घ्यायचा हक्क आहे, त्याची रीत एफडीएच्या ठाणे ऑफिसात विचारा, आणि नमुना घ्यायचा कसा हे आधी विचारा, नाहीतर बिसलरीच्या बाटलीत भरून रिक्षातून नेलेलं दूध पोचेपर्यंत दही झालेलं असतं.

तुम्ही शेवटी कोळंबीचंही विचारलंय, तळोज्याच्या एक्स्पोर्टवाल्या युनिटमध्ये भाऊ आहे म्हणून. तिथलं जग वेगळं. तिथे क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक बंदीच आहेत, युरोपात २०२२ च्या अखेरीपासून क्लोरॅम्फेनिकॉल ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या वर सापडलं की कारवाई, नायट्रोफ्युरानच्या मेटाबोलाइटला, म्हणजे अंगात औषध तुटून उरणाऱ्या तुकड्यांना, ०.५. वर दुधाचा हिशोब केला तो कनामायसिनचा १५० वर होता, इथे हजार पट खाली जायचंय, डोळ्याने रंग बघून ते होणं नाही. आणि नायट्रोफ्युरानमध्ये एक खाचखळगा आहे ज्यात सेन्सरचे किती तरी पेपर पडलेत. मूळ औषध कोळंबीच्या अंगात पटकन तुटून जातं, उरतात ते त्याचे मेटाबोलाइट आणि तेही मांसातल्या प्रोटीनला घट्ट जोडलेले, महिनोन् महिने. लॅबमध्ये आम्ही मांस अॅसिडमध्ये घालून, नायट्रोबेन्झाल्डिहाइडबरोबर ३७ अंशाला रात्रभर ठेवतो, तेव्हा कुठे ते सुटून मोजता येतात. आता कोणी सेन्सर बनवून म्हणालं की मी कोळंबीत फ्युराझोलिडोन हे नायट्रोफ्युरान वरून टाकलं आणि माझा रंग बदलला, तर बाबा, खऱ्या कोळंबीत ते फ्युराझोलिडोन नसतंच, तू शोधतोयस काय? भावाला सांगा, कोणी युनिटमध्ये रंगाचं किट विकायला आलं तर एवढंच विचार, की मूळ औषध पकडतं की मेटाबोलाइट. पुढचं बोलणं बहुतेक आपोआप आटोपतं.

मधाचं थोडक्यात, तो आंबट असतो, रंगीत असतो, साखरेने दाट असतो, आणि सल्फा औषधं साखरेला जोडून बसतात म्हणून आधी अॅसिडने सोडवावी लागतात. दिल्लीच्या सीएसईने (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) २०१० मध्ये १२ ब्रँडचे मध तपासले तेव्हा ११ मध्ये अँटिबायोटिक निघालं होतं, त्यानंतरच आपल्याकडे मधाच्या नियमांवर हालचाल झाली. ते सगळं यंत्रावर झालं, रंगावर नाही.

मग रंगाचे सेन्सर बिनकामाचे का? नाही हो. मला स्वतःला ते आवडतात. जिथे दूध आधी नीट साफ करता येतं, जिथे मर्यादा शंभरच्या घरात आहे, जिथे शंभर नमुन्यांतून पाच संशयित बाजूला काढायचेत, तिथे ते वीजही न लागता काम करू शकतात, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंगाचे आकडे काढून ग्राफ मांडता येतो ते तर कॉलेजला फारच सोयीचं आहे. मोबाइलचा एकच नियम, खोका करा, आत एकच एलईडी, ट्यूब दरवेळी त्याच जागी, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. खिडकीपाशी काढलेल्या फोटोत जुलैमध्ये ढग आला की तुमचं अँटिबायोटिक वाढतं.

लेकीने प्रत्यक्ष काय करावं ते सांगतो. कोऱ्या दुधाची सोय आधी करावी, म्हणजे ज्या जनावराला कित्येक आठवडे काहीही औषध दिलेलं नाही असं खात्रीचं दूध, मुरबाड-शहापूरकडे कोणी ओळखीचं असेल तर उत्तम, पिशवीचं दूध कोरं समजून चालू नये. त्यात स्वतः औषध मिसळून पायऱ्या करायच्या, शून्य, मर्यादेच्या अर्धं, मर्यादेइतकं, दुप्पट, आणि कॅलिब्रेशन त्याच साफ केलेल्या दुधात काढायचं, पाण्यात काढलेली रेघ दुधाला लावायची नाही. सोलची प्रत्येक नवीन बॅच आली की किती मिठाला ती निळी होते ते परत बघायचं, कारण बॅच बदलली की हा आकडा हलतो. मोजताना नुसतं निळं झालं असं लिहू नये, ६५० आणि ५२० वरच्या शोषणाचं गुणोत्तर लिहावं. विस्कटलेला डीएनए करावा, मेलामाइन आणि सिस्टीन टाकून बघावं, दुसऱ्या घराण्याची दोन-तीन औषधं टाकून बघावीत. आणि शेवटी मैत्रिणीला ट्यूबवर फक्त नंबर टाकायला सांगावं, कुठल्या ट्यूबमध्ये काय ते तिच्याकडेच राहू दे, लेकीने रंग बघून निकाल लिहून द्यावा आणि मग यादी उघडावी. यातून मर्यादेच्या दुप्पटही ओळखता आली नाही तरी तसंच लिहावं, केसीन का आड आलं ते दोन पानं लिहिता येईल आणि परीक्षकाला ते खोट्या सरळ रेघेपेक्षा जास्त आवडेल, निदान मी परीक्षक असलो तर नक्की.

राहिलं उकळण्याचं, तुम्ही विचारलंय की तीन उकळ्या काढल्या तर औषध जातं का. जंतू मरतात, औषध नाही. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन थोडं कमी होतं पण भरवसा ठेवावा इतकं नाही, जेंटामायसिनसारखी तर उकळीला फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे स्ट्रिप दोन दिवस लागोपाठ पॉझिटिव्ह आली तर ते दूध सरळ बंद करा, घरात कोणाला पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी, आणि दूधवाल्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन विचारा की कुठल्या म्हशीला दगडी झालीये आणि औषध कधी बंद झालं. स्ट्रिपचं पाकीट हातात दिसलं की बहुतेक जण सांगतात.